बंगळूरचं ऊन कुणी कमी केलं

मी संशयी आहे, आणि ते मी कुणापासून लपवत नाही. सांगलीला वाण्याच्या पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवलाय का ते बघायला आई मला वाकायला लावायची, आणि चार वेळा बघितलं तर एकदा तरी तो निघायचाच. त्यामुळे १९५७ च्या हिवाळ्यात बंगळूरचं ऊन अचानक कमी झालं तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो 'कसं' असा नव्हता, 'कुणी' असा होता.

कमी झालं म्हणजे खरोखर नव्हे. राजाजीनगरात आमच्या घरापुढे तेव्हा नुसते आखलेले प्लॉट आणि लाल माती. तिथे माझे पापड दुपारपर्यंत खडखडीत वाळत होते. ऊन कमी झालं ते कागदावर, आणि तेही जर्मनीतल्या.

माझा नवरा उपेंद्र यशवंतपूरच्या बाजूला एका संशोधन संस्थेत होता. त्याला त्या काळात मी 'अहो' म्हणायचे, नाव तोंडातून काढायची नाही. आता खुशाल एकेरीत बोलते. का, ते ऐकलंत की कळेल. त्या वर्षी जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून पृथ्वीची मोजदाद काढली होती. कुणी भूकंप मोजत होतं, कुणी वारा. उपेंद्रच्या संस्थेचा पश्चिम जर्मनीतल्या एका विद्यापीठाशी करार झाला, आणि यांच्या वाट्याला ऊन आलं. यंत्र त्यांनी द्यायचं, मोजायचं यांनी, आकडे दर महिन्याला तिकडे पाठवायचे, आणि शेवटी दोघांच्या नावानं निबंध छापायचा. करारात आणखी एक गोष्ट होती. काम नीट झालं तर इथला एक माणूस ते दोन वर्षांसाठी आपल्याकडे नेणार होते, डॉक्टरेटसाठी, सगळ्या खर्चासकट.

तो माणूस उपेंद्र, हे बोलण्यात ठरल्यासारखंच होतं. त्याची नोकरी तात्पुरती, दर मार्चमध्ये धाकधूक. जर्मनीची पदवी मिळाली तर जन्माची ददात मिटली, नाही तर सांगलीला परत जाऊन दिरांच्या शाळेत शिकवायचं आणि जावांच्या हाताखाली राबायचं. त्यामुळे ते ऊन आमच्या घरात मीठ-मिरचीइतकं बोललं जायचं. मला यंत्रही माहीत होतं. गच्चीवर एक लाकडी चौथरा, त्यावर रुपयाएवढी काळीभोर चकती, आणि तिच्यावर काचेचा उपडा वाडगा. काळा रंग ऊन पिऊन घेतो, म्हणून चकती काळी. ती किती तापली ते तारेतून खालच्या खोलीत काटा दाखवायचा.

संस्थेचे मुख्य भीमाचार्य. पंचावन्नीचे गृहस्थ, कपाळाला गोपीचंदन, डोक्याला जरीची पगडी, आणि त्या पगडीखाली म्हणे इंग्लंडात गाजलेलं डोकं. मोजणीवर दोघं. एक उपेंद्र आणि दुसरा फत्तेसिंग. हा फत्तेसिंग बंगळूरच्याच जुन्या मराठा घराण्यातला, तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्यांपैकी. बीएस्सी झालेला, हुशार, पण मराठी बोलायचा ती ऐकून माझे कान दुखायचे. "अक्का, स्वल्प पाणी देता का," असं म्हणायचा. आणि वर आमची घरमालकीण सकवारबाई ही त्याची सख्खी आत्या. म्हणजे आमच्या घरातलं बोलणं जिन्यावरून खाली, आणि खालून संस्थेत. निदान माझी तशी खात्री होती.

दसऱ्याला सगळं छान होतं. खंडेनवमीला बंगळुरात आयुधपूजा करतात, आपल्याकडच्यापेक्षा कितीतरी दणक्यात. रिक्षा, लेथ, टाइपरायटर, शिवणयंत्र, काही म्हणून सुटत नाही. संस्थेतही दाराला केळीचे खांब बांधले होते. आदल्या दिवशी एकूणएक यंत्र उघडून पुसलं होतं, आणि नवमीला भीमाचार्य सोवळं नेसून, गंध-कुंकवाचं ताट पाठीमागे कुणाच्या तरी हातात देऊन, खोलीखोलीतून आणि शेवटी गच्चीवर जाऊन सगळ्या यंत्रांची पूजा करून आले. आम्हा बायकांनाही बोलावलं होतं. खाली अंगणात कोहळा फोडला, कडलेपुरीचे, म्हणजे चुरमुरे-डाळ्यांचे, पुडे वाटले, आणि त्या दिवशी यंत्रांना विश्रांती. दुसऱ्या दिवशी परत काम सुरू. मला ते आवडलं होतं. ज्याच्यावर पोट त्याला नमस्कार, यात वाईट काय?

मग डिसेंबरात पत्र आलं.

पत्र फार सभ्य होतं. उपेंद्रनं मला त्याचा अर्थ सांगितला. ऑक्टोबरपासून बंगळूरचे आकडे खाली आले आहेत. मद्रासला याच यंत्राचं भावंड आहे, तिथले आकडे जसेच्या तसे आहेत. बंगळूरच्या आकाशात काही विशेष घडल्याची नोंद नाही. तर मग, निरीक्षकांच्या कामाच्या पद्धतीत काही बदल झाला आहे का, हे समजल्यास बरं होईल. जानेवारीअखेर प्रोफेसर लिंडनर स्वतः भारतात येत आहेत, ते बघतीलच. थोडक्यात काय, तुमच्यापैकी कुणीतरी काटा न वाचताच मनानं आकडे लिहितोय, अशी त्यांना शंका होती.

उपेंद्र पत्र आलं त्या दुपारी गच्चीवर गेला होता, आणि संध्याकाळी घरी आला तो ताप भरल्यासारखा. जेवलाही नाही धड. मला वाटलं, अपमान लागला. लागणारच. ज्या माणसानं दिवसभर दर तासाला काटा वाचला, त्याला थापाड्या म्हणायचं? मला इतका संताप आला की मी त्या जर्मनांचा सात पिढ्यांचा उद्धार केला. मग रागाला वाट हवी म्हणून मी जवळ बघायला लागले. यंत्र बरोबर, आकाश बरोबर, माझा नवरा बरोबर. उरला कोण?

"फत्तेसिंग," मी म्हणाले.

उपेंद्रनं ताटातून वर बघितलं. मग म्हणाला, "असेलही."

हा 'असेलही' माझ्या कामी आला. संशयाला एवढं खतपाणी पुरतं. उपेंद्र दोषी ठरला की जर्मनीला कोण जाणार? फत्तेसिंग. मग तो सगळीकडे दिसायला लागला. सकवारबाईंकडे दर रविवारी कशाला येतो? वर बघून हसतो का? उपेंद्रची सायकल एकदा पंक्चर झाली तेव्हा हाच कसा नेमका तिथून चालला होता? कावीळ झालेल्याला सगळं पिवळं म्हणतात, तसं माझं झालं. संस्थेतही काही वेगळं नव्हतं. भीमाचार्यांनी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं, काटा दोघांनी मिळून वाचायचा आणि दोघांनी सही करायची असा नियम काढला. ग्रंथपालाला वाटायचं जर्मन यंत्रच खोटं दिलंय, मुद्दाम, आपल्याला कमी दाखवायला. लेथवरच्या माणसाचं म्हणणं होतं की ते ऊन मोजतच नाहीत, वर बॉम्ब उडाले की कळावं म्हणून ठेवलंय. सकवारबाईंचं तर वेगळंच. "ऊन मोजून काय करतात गं? विकतात काय?" असं त्यांनी मला नळावर विचारलं, आणि तेसुद्धा मला साधं वाटलं नाही. म्हटलं, भाच्याला सांगण्यासाठी काढून घेतायत.

शेवटी मी स्वतः जायचं ठरवलं. उपेंद्रचा डबा मुद्दाम घरी विसरायला लावला आणि बारा वाजता बसनं संस्थेत पोचले. शिपायाला म्हटलं, साहेबांनी वरच बोलावलंय. गच्चीचं दार उघडं, आणि तिथे फत्तेसिंग एकटा, गुडघ्यावर बसून काचेचा वाडगा फडक्यानं पुसतोय. मला बघून दचकला.

"अक्का, तुम्ही?" म्हणाला. "सर खाली आहेत. मी हे स्वल्प धूळ पुसायला..."

धूळ. मी मान हलवली, पण डोळे त्याच्या हातावर. फडकं नीट बघितलं, खिशाकडे बघितलं, चौथऱ्याखाली काही लपवलंय का ते वाकून बघितलं. यंत्राकडेही बघितलं. काचेखाली ती काळी चकती, तिच्यावर चंदनाच्या गंधाचा ठसठशीत टिळा, मध्ये कुंकवाचं बोट. मी सवयीनं हात जोडले आणि परत फत्तेसिंगाकडे बघायला लागले. तो जरासा घामाघूम झाला होता. दुपारच्या उन्हात गच्चीवर कुणालाही घाम येतो, पण हे मला तेव्हा कोण सांगणार?

संध्याकाळी मी उपेंद्रला सगळं रंगवून सांगितलं. एकटा होता, दचकला, काच पुसत होता. काचेला काही लावत असेल तर? तेल?  उपेंद्र म्हणाला, "बघतो मी." आणि आठवड्याच्या आत भीमाचार्यांना सांगून फत्तेसिंगला गच्चीवरून काढून तळघरातल्या सामानाच्या खोलीत पाठवलं. मोजणीचं काम उपेंद्रकडे एकट्याकडे, दोन सह्यांचा नियमही मागे पडला. मला केवढं समाधान झालं म्हणून सांगू! नवरा माझं ऐकतो, हे लग्नानंतर पहिल्यांदाच दिसलं.

सकवारबाई मात्र बोलायच्या थांबल्या. नळावर मी आले की घागर अर्धी भरलेली असली तरी उचलून जायच्या. एकदाच म्हणाल्या, जिन्यात, माझ्याकडे न बघता: "आमचा पोरगा खोटं करणारा नाही. खंडोबाची शपथ घेऊन सांगते." मी मनात म्हटलं, चोराच्या आत्या असंच म्हणायच्या.

एक गोष्ट मला खटकायला हवी होती. फत्तेसिंग खाली गेला तरी आकडे वर आले नाहीत. मी विचारलं तेव्हा उपेंद्र म्हणाला, जे व्हायचं ते नुकसान होऊन गेलंय. मी तेही गिळलं.

जानेवारीअखेर प्रोफेसर लिंडनर आले. उंच, सडपातळ, उन्हानं नाक लाल झालेलं, आणि इंग्रजी आपल्यासारखीच सांभाळून बोलणारे. भीमाचार्यांनी चहापान ठेवलं होतं, गच्चीवरच, म्हणजे यंत्र बघणं आणि पाहुणचार एकदमच. बायकांनाही बोलावणं. मी इरकली नेसले होते आणि बेसनाचे लाडू करून नेले होते. माझ्या मनात एकच चाललं होतं: आज याच्या तोंडून निघू दे की आमच्या माणसानं काही केलं नाही. भीमाचार्यांचा चेहरा उतरलेला. त्यांना वाटत होतं की हा माणूस संस्थेच्या तोंडावर 'तुम्ही खोटे' म्हणून जाणार, आणि करार मोडणार. फत्तेसिंगही कोपऱ्यात उभा होता, तळघरातून वर बोलावलेला, चौकशीला लागला तर असावा म्हणून.

लिंडनरनी चहा घेतला नाही. सरळ यंत्राकडे गेले, गुडघ्यावर बसले, काचेवर दोन्ही हातांची सावली धरली आणि आत बघितलं. मग बराच वेळ उठलेच नाहीत.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

सगळे पुढे वाकले. मीही वाकले. काळ्या चकतीवर चंदनाचा तो फिकट टिळा, आणि तो काही लहान नव्हता. आणि तेव्हा, देवाशपथ सांगते, मला तो पहिल्यांदा दिसला. म्हणजे मी आधी बघितलाच होता, हात जोडून. गच्चीवर रोज जाणाऱ्यांनी बघितला होता, भीमाचार्यांनी बघितला होता, झाडणाऱ्या बाईनं बघितला होता. पण टिळा नसलेलं यंत्र बंगळुरात कुठे असतं? खालच्या लेथला होता, तराजूला होता, मी आले त्या बसच्या चाकालाही होता. तो दिसायचाच नाही आम्हाला. काळी चकती सगळं ऊन पिते, आणि आम्ही तिच्या तोंडावरच गंध थापून वर काच बंद केली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

भीमाचार्य पांढरे पडले. मला आठवलं, उपेंद्र म्हणाला होता, खंडेनवमीला वाडगा काढलेला होता, आत ओल धरली म्हणून, आणि ताट घेऊन वर गेले होते तेच. त्यांनी तोंड उघडलं. काही बोलणार, तेवढ्यात उपेंद्र पुढे झाला.

"सर, माझ्या पत्नीनं," तो म्हणाला. इंग्रजीत, पण मला इंग्रजी कळतं, मी मॅट्रिक आहे. "त्या दिवशी बायका आल्या होत्या. ती फार भाविक आहे, तिला यातलं समजत नाही. टिळा चकतीचा साधारण नववा हिस्सा झाकतो. दसऱ्यापासूनच्या आकड्यांना तेवढी दुरुस्ती दिली तर ते मद्रासशी बरोबर जुळतात. काही वाया गेलेलं नाही."

लिंडनरचा चेहरा एकदम खुलला. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, कागदावर काही मांडलं आणि खरंच जुळतंय म्हणून मान डोलावली. इतक्या झटकन हिशेब! त्यांनी उपेंद्रच्या पाठीवर थाप मारली. मग माझ्याकडे वळले. रागावले नव्हते मुळीच, हसत होते, लहान मुलानं भिंतीवर रेघोट्या ओढल्यावर हसतात तसं. "खरं का, मॅडम?" त्यांनी विचारलं.

सगळी गच्ची माझ्याकडे बघत होती. एक 'हो' म्हटलं की झालं. करार वाचला, भीमाचार्य वाचले, उपेंद्रची जर्मनी पक्की. अडाणी बायको, देवभोळी, कुणाच्या घरात नसते? उपेंद्रही माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत विनवणी नव्हती. खात्री होती. ती खात्री बघून माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मला दुसरं काही सुचलंच नाही.

"नाही," मी म्हणाले. "मी लावलेलं नाही. मी त्या दिवशी गच्चीवर आलेसुद्धा नव्हते."

 मला वाटलं, संपलं आता सगळं. लिंडनरचं हसू तसंच अडकून राहिलं. तेवढ्यात भीमाचार्यांनी पगडी सारखी केली.

"मी लावलं," ते म्हणाले. "दर वर्षी मीच लावतो, सगळ्यांना. या यंत्राचं तोंड कुठलं हे बघितलं आणि तिथे लावलं. एवढं शिकूनही ते माझ्या लक्षात आलं नाही." आणि पुढे म्हणाले, "आम्हाला हे यंत्र पोसतं, म्हणून त्याचा मान करतो. पण चूक माझी."

मला वाटलं होतं लिंडनर खो-खो हसतील. ते हसले, पण त्यात टिंगल नव्हती. त्यांनी भीमाचार्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले की पुढल्या वर्षी पूजा जरूर करा, फक्त गंध चौथऱ्याला लावा. मग चहा प्यायले, माझे दोन लाडू खाल्ले, आणि फत्तेसिंगला जवळ बोलावून त्याच्याकडूनही माहिती विचारली. संपलं. एवढंच होतं. खरं बोलून कुणाचं काही गेलं नसतं. ज्याच्या भीतीनं महिनाभर आमच्या घशाखाली घास उतरत नव्हता, ते दोन वाक्यांत मिटलं.

पण माझं डोकं एका जागी अडकलं होतं. नववा हिस्सा.

उपेंद्रला मी चार वर्षं ओळखत होते. भाजीवाल्याचा हिशेब विचारला तर कागद मागणारा माणूस. जर्मनानं 'हे काय' म्हटल्याबरोबर, स्वतः पुरता वाकायच्या आधी, त्यानं हिस्सा सांगितला, तारीख सांगितली, दुरुस्ती सांगितली, मद्रासशी जुळतं हेही सांगितलं. हे गच्चीवर सुचलेलं नव्हतं. हे आधी बसून, सावकाश, कुणाला न कळता काढून ठेवलेलं होतं. जन्मभर लोकांच्या तराजूखाली वाकून बघितलं, आणि आपल्या घरातलं पारडं उचलून बघायचं राहिलंच.

घरी आल्यावर तो बुटाचे बंद सोडत बसला. खुशीत होता. माझ्या 'नाही'वर थोडा रागही होता, पण खुशी जास्त.

"तुम्हाला आधीच माहीत होतं," मी म्हणाले.

त्यानं बूट बाजूला ठेवला.

"कधीपासून?"

"पत्र आलं त्या दिवशी वर गेलो ना," तो म्हणाला. "तेव्हाच दिसलं. पण सरांनी लावलेलं. सरांना कोण सांगणार? माझी नोकरी त्यांच्या हातात. आणि गुपचूप पुसलं असतं तर आकडे एका दिवसात वर गेले असते, म्हणजे मग मीच काहीतरी केलं असं झालं असतं. म्हणून वाट बघायची ठरवली."

"आणि फत्तेसिंग?"

"त्याला काय झालं? खालीच पाठवला फक्त. तो रोज काच पुसायचा, आज ना उद्या त्याच्या लक्षात आलं असतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तूच तर मागे लागली होतीस."

मीच लागले होते. महिनाभर रोज त्याच्या पानावर वाढताना मी फत्तेसिंगच्या नावानं बोटं मोडत होते, आणि हा समोर बसून वरण-भात कालवत 'असेलही' म्हणत होता. माझा संशय त्याला बरा पडला होता. आयतं हत्यार.

"आणि मी?" मी विचारलं. "माझं नाव का घेतलंत?"

त्याला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, नाटक नव्हतं. "तुझं काय जाणार होतं?" तो म्हणाला. "तू काही नोकरीला नाहीस."

मला वाटलं मी भांडेन. भांडणात मी कुणाला हार जाणारी नाही.  पण मी आत जाऊन कुकर नसलेल्या त्या काळातलं भाताचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि रडले, चांगली हुंदके देऊन रडले. तो दारात आला. मला वाटलं, समजूत घालायला आला असेल.

"तू हे कुणाला बोलणार नाहीस ना?" त्यानं विचारलं.

मी उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले आणि सकवारबाईंना म्हणाले की मी तुमच्या पोरावर नाही नाही ते आळ घेतले, मला क्षमा करा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, म्हणाल्या, "सरी, बरं, सोड ते," आणि घागर माझ्याकडे सरकवली. फत्तेसिंग परत गच्चीवर गेला. त्याला मी फक्त माझं सांगितलं, उपेंद्रचं नाही. का नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही. नवऱ्यावर माया होती म्हणून नव्हे, एवढं नक्की. सांगून टाकलं असतं तर तो एकदाच पडला असता, चार दिवस रडला असता आणि मोकळा झाला असता. ते मला त्याला द्यायचं नव्हतं.

मार्चमध्ये पत्र आलं: उपेंद्रची निवड झाली. लिंडनरना त्याचा तो झटपट हिशेब फार आवडला होता, पत्रात तसं लिहिलंच होतं. शिफारशीवर सही भीमाचार्यांची. आणि तेव्हापासून आमच्या घरात नवीनच सुरू झालं. मी भीमाचार्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले की हा विचारायचा, काय बोलणं झालं? खाली सकवारबाईंशी हसले की जिन्यात पाऊल वाजायचं. फत्तेसिंग आला की हा पेपर डोळ्यांपुढे धरून एकच पान उघडून बसायचा. मी कुणाला पोस्टकार्ड लिहिलं तर पत्ता वाचायचा. काय गंमत बघा, जन्माची संशयी मी, आणि मी झोपायचे गाढ. याची झोप उडाली होती. एकदा तर सरळ म्हणाला, "सांगायचं असेल तर आत्ताच सांग, निघताना नको." मी म्हणाले, "पानं घेतलीत, जेवा."

मेमध्ये तो मुंबईच्या गाडीनं निघाला, तिथून बोटीनं पुढे. सिटी स्टेशनवर सगळी संस्था आली होती. भीमाचार्यांनी म्हैसूर मल्लिगेचा, म्हणजे तिथल्या मोगऱ्याचा, हार घातला. फत्तेसिंगनं संत्र्यांची करंडी आणली, आणि मनापासून आणली. उपेंद्र सगळ्यांच्या पाया पडला, डब्यात चढला, खिडकीशी बसला. मग मला खुणेनं जवळ बोलावलं. लोकांना वाटलं असेल, नवरा-बायकोचं काही राहिलंय. सकवारबाई तर पदर तोंडाला लावून बाजूला झाल्या.

तो गजांतून वाकला. एवढं जवळ तो कितीतरी दिवसांत आला नव्हता.

"खरं सांग," तो हळूच म्हणाला. "तू कुणाला बोलली नाहीस ना?"

"अजून तरी नाही," मी म्हणाले.

शिट्टी झाली. मी मागे सरकून भीमाचार्यांच्या शेजारी उभी राहिले. ते मला काहीतरी विचारत होते, दोन वर्षं इथेच राहणार का सांगलीला जाणार, असलंच साधं, आणि मी उत्तर द्यायला त्यांच्याकडे वळले. गाडी हलली. फलाट संपेपर्यंत उपेंद्र खिडकीतून मान बाहेर काढून बघत होता, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता, भीमाचार्यांच्या तोंडाकडे बघत होता.